ओवी आपली नाही का? नवी मुंबईतली एक कवितास्पर्धा आणि 1616 सालचं पुराण

आजचा भाग माझ्या एका चुकीपासून सुरू होतो.

मी मूळचा वसईचा, पण बरीच वर्षं नवी मुंबईत राहतोय. मध्यंतरी इथल्या एका पॅरिशमध्ये कॅथलिक मुलामुलींसाठी कवितास्पर्धा होती. वय 13 ते 19, विषय येशूचं जीवन. मराठी कवितांच्या तीन परीक्षकांपैकी मी एक.

दहावीतल्या एका मुलीनं ओव्या लिहून आणल्या होत्या. मरिया बाळाला झोपवतेय आणि ओव्या म्हणतेय. त्यात येशू 'माउली' होता आणि स्वर्ग होता 'वैकुंठ'. आमच्यातले एक परीक्षक म्हणाले, "लिहिलंय छान, पण हे आपलं वाटत नाही. वारकऱ्यांचं वाटतं." गुण कापले गेले. मला पटलं नव्हतं, तरी मी गप्प बसलो. निकालानंतर ती मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "अंकल, ओवी आपली नाही का?" मी काहीतरी पुटपुटून निघालो.

त्या प्रश्नाचं खरं उत्तर आज देतो. त्यासाठी गोव्यात जावं लागेल, साष्टी तालुक्यात. मुंबईचं बेटही साष्टीच बरं का, पण ही साष्टी वेगळी, मडगावच्या बाजूची.

1579 मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा एक तरुण इंग्रज गोव्यात उतरला. येशूसंघाचा धर्मगुरू. पुढची चाळीस वर्षं, मरेपर्यंत, तो इथेच राहिला. मराठी शिकला, कोकणी शिकला, कोकणीचं व्याकरण लिहिलं. आणि 1616 मध्ये रायतूरला त्याचं मोठं काव्य छापलं गेलं. त्याचं नाव ख्रिस्तपुराण. जवळजवळ अकरा हजार ओव्या! छापली रोमन लिपीत, कारण तिथल्या छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. पण भाषा मराठी, मधूनमधून कोकणी शब्द. छंद ओवीचा. आणि स्वर्गासाठी शब्द कोणता? वैकुंठ! त्या मुलीनं वापरला, तोच.

हे पुराण लिहायचं कारण त्यानं सुरुवातीलाच सांगितलंय. साष्टीतल्या एका चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण चाललेलं असतं. तिथे एक ब्राह्मण, नुकताच ख्रिस्ती झालेला, फादरांना विचारतो. तुम्ही प्रार्थना शिकवता ते ठीक, पण आमची जुनी पुराणं बंद झाली, त्यांच्या जागी वाचायला काहीतरी द्याल की नाही? म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात कुणीतरी प्रश्न विचारला, म्हणून हे काव्य जन्माला आलं.

आता यातली दुखरी बाजूही सांगतो, नाहीतर गोष्ट अर्धवट राहील. जुनी पुराणं आपोआप बंद झाली नव्हती. 1567 मध्ये पोर्तुगीज सत्तेनं साष्टीतली शेकडो देवळं पाडली होती. जुने ग्रंथ बाळगणं धोक्याचं झालं होतं. ज्या सत्तेनं लोकांच्या हातातून ओवी काढून घेतली, तिच्याच आश्रयाखालच्या एका माणसानं ती त्यांना परत दिली, वेगळ्या देवाची गोष्ट घालून. स्टीफन्सचं मराठीवरचं प्रेम खरं होतं, हे ओव्या वाचताना जाणवतं. आणि लोकांचं जे गेलं, तेही खरंच होतं. दोन्ही लक्षात ठेवायला हवं.

पुढे 1684 मध्ये तर व्हाइसरॉयनं हुकूम काढला की तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. ख्रिस्तपुराण तोवर तीनदा छापलं गेलं होतं. त्या छापील प्रतींपैकी आज एकही हाती नाही. पण लोकांनी हातानं नकला करून ठेवल्या होत्या. त्यांच्या आधारे 1907 मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं, आणि 1956 मध्ये देवनागरीत आलं. हुकूम कागदावर राहिला, ओवी टिकली.

इकडे महाराष्ट्रात 1895 मध्ये कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. ते प्रोटेस्टंट पंथाचे, पण वाट तीच. अभंग आणि ओवी त्यांनी सोडली नाही. 1919 मध्ये ते गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. ते पुरं कुणी केलं? लक्ष्मीबाईंनी. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या बाईनं!

आणि आपण कॅथलिक? माझ्या आजीनं अर्धं आयुष्य लॅटिनमधली मिस्सा ऐकली. लोकांच्या भाषेत उपासना करायला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं परवानगी दिली 1963 मध्ये. म्हणजे वेदीवरची मराठी तशी तरुणच आहे. पण 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. पहिले ख्रिस्ती अध्यक्ष. त्यांच्या निवडीला विरोध झालाच. "हे आपले नाहीत," हे वाक्य तेव्हा समोरून आलं होतं. आमच्या स्पर्धेत तेच वाक्य आम्ही आतून म्हटलं, एका पंधरा वर्षांच्या पोरीला.

सिडको स्थापन झाली 1970 मध्ये, म्हणजे नवी मुंबई म्हातारी नाही. इथे आगरी-कोळी सोडले तर बहुतेक सगळे बाहेरून आलेले. गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे, वसईचे. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, चर्चमध्ये तिसरी. अशा गावात एखादं पोर मराठीत देवाशी बोलतंय, तर त्याला आधी ऐकून घ्यायला हवं होतं.

तर बाळा, तू हे ऐकत असशील तर, ओवी आपली आहे. ती वारकऱ्यांची आहे, जात्यावर दळणाऱ्या बायांची आहे आणि चारशे वर्षांपासून आपलीही आहे. तुझे गुण मी आता बदलू शकत नाही. पण पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून बोलावलं, तर गप्प बसणार नाही.

भेटू पुढच्या भागात.