पाणी उपसायचा पंप ऐन पावसातच का रुसतो? दुरुस्तीच्या दुकानाचं गणित समजून घ्या

परळ-दादरमधला हिंदमाता परिसर बशीसारखा सखल. त्यामुळे इथल्या सोसायट्या आणि दुकानदारांसाठी पेट्रोलवर चालणारा पंप ही हौसेची वस्तू नाही. पण आठ महिने जिन्याखाली पडलेला पंप मे महिन्यात दोरी ओढून ओढूनही सुरू होत नाही आणि दुरुस्तीच्या दुकानात एकदम गर्दी होते.

बहुतेक वेळा इंजिन ठणठणीत असतं. टाकीतलं जुनं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि कार्बोरेटरचं बारीक जेट तुंबतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल शोषतं, म्हणून त्रास वाढतो.

झाडं छाटायच्या चेनसॉचं दुखणं वेगळं. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑइल लागतं. प्रमाण ५०:१ असेल तर लिटरमागे २० मिली. घाईत नुसतं पेट्रोल भरलं की पिस्टन जाम! मग दुरुस्ती परवडेल की नवं मशीन, हे गिऱ्हाइकाला काम हाती घेण्याआधीच सांगावं लागतं.

सुटे भाग नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. कामगार मोजकेच असतील तर २०१७ च्या दुकाने कायद्यानुसार नोंदणीऐवजी फक्त सूचना द्यावी लागते. चाळीखालच्या गाळ्यात खरी अडचण पेट्रोलचीच. १९३४ चा पेट्रोलियम कायदा विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवू देतो, पण वर माणसं झोपतात तिथे तेवढंही जास्तच. इंजिनाची चाचणीही बंद गाळ्यात नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तुमच्याकडे पंप असेल तर पावसाळा संपताच टाकी रिकामी करा आणि उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन उघड्यावर चालू ठेवा.