शाळेचा उंबरठा

कोल्हापूरच्या दक्षिणेचें कळंबा हें गांव शहरवासीयांस परिचित आहे तें तेथील तलावामुळें. एकोणिसाव्या शतकांत हा तलाव शहराच्या पाण्यासाठीं बांधला गेला. तलाव भरला म्हणजे घरोघर पाणी पोंचलें असें होत नाहीं. मध्यें वाट राखणारा माणूस लागतो. शाहू छत्रपतींच्या शिक्षणविषयक आज्ञा वाचतांना आमचें लक्ष अशाच एका मधल्या माणसाकडे, म्हणजे गांवच्या शाळामास्तराकडे, वारंवार जातें.

सक्तीच्या शिक्षणाची कल्पना नवी नव्हती. बडोद्यास सयाजीरावांनीं ती १९०६ सालीं सर्व राज्यांत लागू केली होती; ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं गोखल्यांनीं मांडलेलें विधेयक मात्र १९१२ सालीं फेटाळलें गेलें. कोल्हापूर संस्थानानें १९१७ सालीं कायदा केला, आणि पुढच्याच वर्षीं करवीर पेट्यांतील चिखली येथें त्याप्रमाणें शाळा सुरू झाली. मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता.

परंतु दंडाच्या धाकानें मूल दारापर्यंत येईल. उंबरठ्याच्या आंत त्यास कोण घेणार? अस्पृश्यांच्या मुलांसाठीं संस्थानांत निराळ्या शाळा होत्या. ३० सप्टेंबर १९१९ च्या हुकुमानें महाराजांनीं त्या बंद करविल्या आणि सर्व जातींच्या मुलांस एकाच सरकारी शाळेंत घेण्यास फर्माविलें. आमच्या मतें १९१७ च्या कायद्यापेक्षां हा हुकूम मोठा. मात्र कोणी कोणाशेजारीं बसावें, पाटी हातांत घेऊन तपासावी कीं दुरून पाहावी, तहानलेल्या पोरास पाणी कोठून द्यावें, ह्या प्रश्नांचीं उत्तरें राजवाड्यांत मिळत नसतात. मास्तर कचरला, कीं शाळा एक आणि रांगा दोन! गांवाचा रोष पत्करून त्याच गांवांत राहावयाचें, हें काम दिसतें तितकें सोपें नव्हे.

महाराजांनीं जातवार वसतिगृहें काढविलीं, त्यांविषयीं मतभेद आहेत. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. मग जैन, मुसलमान, लिंगायत विद्यार्थ्यांचीं. १९०८ सालीं अस्पृश्यांसाठीं मिस क्लार्क वसतिगृह. खेड्यांतल्या पोरास शहरांत भाकरतुकडा मिळणें जेव्हां दुरापास्त होतें, तेव्हां हा मार्ग व्यवहार्य होता; पुरेसा नव्हता. तें उणेपण एका विद्यार्थ्यास भोगावें लागलें. जैन वसतिगृहांतील भाऊराव पाटील मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले, परतल्यावर शुद्धीचें स्नान करण्यास त्यांनीं नकार दिला, आणि त्यांस वसतिगृह सोडावें लागलें.

ह्याच भाऊरावांनीं १९१९ सालीं कऱ्हाडजवळच्या काले येथें रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९३५ सालीं साताऱ्यास खेड्यांतील शिक्षकांसाठीं अध्यापनशाळा. महाराज १९२२ सालीं निवर्तले. १९४९ सालीं संस्थानही विलीन झालें. रयत मात्र चालू आहे. हुकूम काढण्याची सत्ता भाऊरावांपाशीं कधींच नव्हती. त्यांनीं मास्तर घडविले. साताऱ्यास १९२४ सालीं त्यांनीं वसतिगृह सुरू केलें, तेथें सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवत. त्यास नांव दिलें तें शाहू छत्रपतींचें.