कूट-अल्-अमाराचे युद्धकैदी : पॅरोल व अदलाबदल

शत्रूविरुद्ध पुन्हा शस्त्र धरणार नाही, असे वचन देऊन युद्धकैद्याने मिळविलेल्या सुटकेस पॅरोल म्हणतात. १९०७ च्या हेग नियमांनुसार, वचनाशी विसंगत अशी सेवा कैद्याच्या शासनालाही त्याच्याकडून घेता येत नाही. शत्रूच्या कैद्याशी रीतसर अदलाबदल झाली, तरच तो वचनातून मोकळा होऊन सैन्यात परतू शकतो, असा जुना संकेत आहे. पहिल्या महायुद्धात हे दोन्ही मार्ग सहाव्या (पुणे) डिव्हिजनच्या संदर्भात अजमावले गेले.

मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड याच्या नेतृत्वाखालील ही डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून मेसोपोटेमियातील कूट-अल्-अमारा येथे तुर्की वेढ्यात अडकली. तीत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. सुटकेसाठी आलेल्या फौजांचे हल्ले फसले, धान्य संपत आले. तेव्हा एप्रिल १९१६ च्या अखेरीस टाउनशेंडने तुर्की सेनापती खलील पाशाशी बोलणी सुरू केली. आपल्या सैन्याला पॅरोलवर हिंदुस्थानात जाऊ द्यावे. मोबदल्यात तोफा व दहा लाख पौंड द्यावेत, असा त्याचा प्रस्ताव होता. पुढे ही रक्कम वीस लाखांपर्यंत वाढविण्यात आली. तुर्कस्तानचा युद्धमंत्री एन्व्हर पाशाने तो फेटाळला. शस्त्रसामग्री सुस्थितीत स्वाधीन केल्यास एकट्या टाउनशेंडला पॅरोलवर सोडण्याची तयारी मात्र त्याने दर्शविली. टाउनशेंडने ती स्वीकारली नाही व तोफा निकामी केल्या. २९ एप्रिल रोजी सु. १३,००० जणांनी शरणागती पत्करली.

अदलाबदलीचा लाभ फक्त आजारी व जखमींना मिळाला. सु. १,१०० जणांना तुर्की कैद्यांच्या बदल्यात सोडण्यात आले. परंतु ते बहुतांशी लढण्यास अपात्रच होते, त्यामुळे या व्यवहाराने सैन्याला फारसे मनुष्यबळ परत मिळाले नाही. उरलेल्यांना बगदाद व मोसूलमार्गे उत्तरेकडे पायी नेण्यात आले. उपासमार, हगवण आणि रक्षकांची मारहाण यांमुळे वाटेतच अनेक दगावले. पुढे अनेकांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. भारतीय शिपायांचा मोठा तळ रास-अल्-ऐन येथे होता. ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून अधिक जण कैदेत मरण पावले वा बेपत्ता झाले. भारतीय मृतांची संख्याही हजारांच्या घरात होती.

टाउनशेंड स्वतः इस्तंबूलजवळच्या बेटावरील बंगल्यात, बऱ्याच मोकळीकीने, राहिला. या तफावतीबद्दल युद्धानंतर त्याच्यावर कठोर टीका झाली आणि ती अनाठायी म्हणता येत नाही. ऑक्टोबर १९१८ मध्ये तुर्कांनीच त्याला तहाच्या बोलण्यांसाठी मुक्त केले. त्याचे शिपाई मात्र ३० ऑक्टोबरच्या मुद्रोस युद्धविरामानंतरच सुटू शकले.