प्रमाण कोण ठरवते? स्टुडिओ मॉनिटरचा इतिहास आणि आपली दहा बाय दहाची खोली

आपल्या वस्त्यांमध्ये आज गाणी लिहिणाऱ्या, रॅप करणाऱ्या, जुन्या भीमगीतांना नवा ठेका देणाऱ्या पोरापोरींची कमी नाही. लॅपटॉप असतो, माइक असतो, साउंड कार्ड उसनवारीने का होईना मिळते. गाडी अडते ती एकाच प्रश्नावर: मिक्सिंग करायचे तर ते ऐकायचे कशावर? लगेच दोन सल्ले येतात. पहिला असा की, लाखभराचे स्पीकर घेण्याची ऐपत नसेल तर घरी रेकॉर्डिंगचा नाद सोडा. दुसरा असा की, खर्च कशाला, डीजेचे स्पीकर आहेत की, त्यावरच वाजवून बघा. आमच्या मते हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. ते का चुकीचे आहेत, हे स्टुडिओतल्या स्पीकरच्या इतिहासातच लिहून ठेवलेले आहे. तो इतिहास आपल्याला कुणी सांगितलेला नाही, इतकेच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. दुकानात मिळणारा साधा स्पीकर गाणे गोड वाटावे म्हणून बनवलेला असतो. त्यात बास फुगवलेला असतो, वरचे स्वर चमकवलेले असतात. स्टुडिओ मॉनिटरचे काम याच्या नेमके उलटे. रेकॉर्डिंगमध्ये जे आहे ते, चुकांसकट, त्याने समोर ठेवायचे. एक खुशामत करतो, दुसरा साक्ष देतो. खुशामतखोराच्या भरवशावर निर्णय घेणाऱ्याचे काय होते, हे चळवळीतल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

१९४० च्या दशकात अमेरिकेत ऑल्टेक लान्सिंग कंपनीचा ६०४ हा १५ इंची स्पीकर आला आणि पुढे कित्येक वर्षे तो तिथल्या स्टुडिओंमध्ये प्रमाण मानला गेला. मोठी खोली, मोठी पेटी, मोठा अॅम्प्लिफायर. नंतरच्या काळात असे मोठे स्पीकर भिंतीत बसवण्याची पद्धत रूढ झाली. अशी खोली बांधणे हे कंपन्यांचेच काम होते. म्हणजे 'चांगला आवाज' कसा असतो हे ठरवण्याची जागासुद्धा कंपन्यांच्याच मालकीची. पण या मोठ्या स्पीकरांची एक अडचण होती. त्यावर भरदार वाटणारे गाणे लोकांच्या घरातल्या रेडिओवर आणि मोटारीतल्या छोट्या स्पीकरवर वाजले की पार कोसळायचे. बास गायब, शब्द अस्पष्ट.

या अडचणीतून ऑराटोनची ५सी ही छोटी चौकोनी पेटी पुढे आली. जॅक विल्सन यांनी १९५८ मध्ये ही कंपनी काढली होती. पेटीत एकच छोटा स्पीकर, वेगळा ट्वीटर नाही, बास जवळजवळ नाहीच. कागदावर पाहिले तर कुणीही नाके मुरडावीत अशी वस्तू. पण साध्या माणसाच्या रेडिओवर गाणे कसे ऐकू येईल, हे ती खरेखुरे सांगायची. मायकल जॅक्सनच्या १९८२ च्या 'थ्रिलर'चे ध्वनिमुद्रण करणारे ब्रूस स्वीडीन यांच्या कामात या ऑराटोनला मोठे स्थान होते. ज्यांच्या हाताशी जगातले कोणतेही स्पीकर होते, ते या डबीवर कान ठेवून बसत. कारण गाणे शेवटी कुठे वाजणार आहे, याचे भान त्यांना होते.

इंग्लंडमध्ये बीबीसीसमोर वेगळी गरज होती. बाहेरच्या प्रक्षेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये जागा नसायची, आणि निवेदकाचा आवाज मात्र नीट पारखावा लागायचा. १९७० च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी त्यासाठी एलएस३/५ए हा जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीचा स्पीकर तयार केला. माणसाचा बोलण्याचा आवाज खरा वाटला पाहिजे, ही त्याची कसोटी. भिंत हादरवणे हा त्याचा हेतू कधीच नव्हता.

यानंतर येतो या इतिहासातला सर्वात मोठा धडा. १९७८ मध्ये जपानच्या यामाहा कंपनीने एनएस-१० नावाचा स्पीकर बाजारात आणला. तो स्टुडिओसाठी नव्हताच, घरगुती संगीतप्रेमींसाठी होता. अकिरा नाकामुरा यांनी तो घडवला होता. पांढऱ्या कागदी लगद्याचा साधारण ७ इंची कोन आणि सगळीकडून बंद पेटी. घरगुती ग्राहकांनी त्याचे फारसे स्वागत केले नाही. बास कमी, मधले स्वर पुढे आलेले, ऐकायला कर्कश. पण स्टुडिओतल्या काम करणाऱ्या माणसांनी तो उचलला आणि मिक्सिंगच्या टेबलावर समोर ठेवला. बॉब क्लिअरमाउंटन यांच्यासारख्या अभियंत्यांमुळे तो जगभर पसरला. त्यावर चांगले वाटेपर्यंत घासलेले गाणे कुठेही चांगलेच वाजते, असा अनुभव येऊ लागला. १९८७ मध्ये यामाहाने खास स्टुडिओसाठी त्याची सुधारित आवृत्ती काढली. २००१ मध्ये, कोनासाठी लागणारा लगदा मिळेनासा झाल्यावर, उत्पादन थांबले. २००८ मध्ये त्याला तांत्रिक ग्रॅमी मिळाले.

बाजाराने नाकारलेली वस्तू प्रमाण कशी झाली? यावर इंग्लंडमध्ये २००१ मध्ये संशोधकांनी अभ्यास मांडला. अनेक मॉनिटरांची मोजमापे शेजारी ठेवल्यावर दिसले की एनएस-१० चा आवाज सुरू होतो तसाच झटकन थांबतो. बंद पेटीमुळे बासचे शेपूट मागे रेंगाळत नाही. मधले स्वर पुढे असल्यामुळे गायकाचा आवाज आणि वाद्ये यांची भांडणे लगेच कानावर येतात. म्हणजे त्याच्या कर्कशपणात खोटेपणा नव्हता, स्पष्टवक्तेपणा होता.

इथे थांबून विचार करायला हवा. प्रमाण ही आकाशातून पडलेली वस्तू नसते. प्रमाण भाषा असो, प्रमाण गायकी असो की प्रमाण स्पीकर, ते कुणीतरी, कुठल्यातरी सोयीने, कुठल्यातरी काळात ठरवलेले असते. एनएस-१० चे प्रमाणपण कामाच्या टेबलावर ठरले, वापरणाऱ्यांच्या कानांनी ठरवले.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एनएस-१० चा कर्कशपणा कमी व्हावा म्हणून अभियंते ट्वीटरवर टिश्यू पेपर लावू लागले. मग कोणता टिश्यू, किती जाड, किती अंतरावर, यावर चर्चा झडू लागल्या. १९८६ मध्ये बॉब होडास यांनी प्रत्यक्ष मोजून दाखवले की टिश्यूमुळे वरचे स्वर कमी होतात हे खरे, पण परावर्तनामुळे आवाजात नको त्या खाचाही पडतात. एका साधनाचे कर्मकांड कसे होते, याचा हा उत्तम नमुना. आजही काही जण जुना एनएस-१० मिळावा म्हणून वाटेल ती किंमत मोजायला तयार असतात. चिकित्सेतून पुढे आलेल्या वस्तूची पूजा सुरू झाली की चिकित्सा संपते.

आता आपल्याकडे वळू. भारतात ग्रामोफोन कंपनीने १९०२ मध्ये ध्वनिमुद्रण सुरू केले आणि १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदाला कारखाना काढला. पुढची कित्येक दशके कुणाचा आवाज तबकडीवर जाईल हे मोजक्या कंपन्या ठरवत राहिल्या. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावायची. रात्रभर चालणारा जलसा त्यात बसणार कसा? भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादांची हजारो गाणी ही आधी माणसांच्या तोंडी आणि वह्यांमध्ये जगली. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट १९८० च्या दशकात आपल्याकडे स्वस्त झाली आणि ही भिंत फुटली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ च्या 'कॅसेट कल्चर' या ग्रंथात या बदलाचा अभ्यास मांडला आहे. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घराघरांत, जयंतीच्या मंडपात, ट्रकच्या टपावर पोचले त्यात कॅसेटचा मोठा वाटा आहे.

मात्र कॅसेटने वितरण मोकळे केले, स्टुडिओ नाही. स्टुडिओ तासाच्या भाड्यावरच राहिला. ज्याच्या खिशात दोन तासांचे पैसे, त्याचे गाणे दोन तासांत उरकायचे. तिकडे १९७९ मध्ये टॅस्कमने कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारा पोर्टास्टुडिओ काढला होता. ब्रूस स्प्रिंगस्टीन याने त्यावर घरच्या खोलीत केलेले मुद्रण १९८२ मध्ये 'नेब्रास्का' या नावाने जसेच्या तसे प्रसिद्ध झाले. आपल्यापर्यंत ही मोकळीक संगणकाबरोबर आली. माइक हाती आला, ट्रॅक हाती आले, यूट्यूबमुळे वितरणही हाती आले. साखळीतली एकच कडी अजून निसटती आहे: आपण केलेले खरे कसे वाजते, हे ऐकण्याची. म्हणून मॉनिटरचा प्रश्न हा हौसेचा प्रश्न नाही.

मग घ्यायचे काय? फिनलंडच्या जेनेलेकने १९७८ मध्ये तिथल्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेसाठी अॅम्प्लिफायर पोटातच असलेले मॉनिटर बनवले. आज स्वस्त मॉनिटरही बहुतेक याच पद्धतीचे असतात. वेगळा अॅम्प्लिफायर लागत नाही, हा आपला थेट फायदा. यामाहाचा एचएस-५, जेबीएलचा ३०५पी, केआरकेचा रॉकिट ५ हे ५ इंची वर्गातले परिचित पर्याय. त्याहून कमी खर्चात प्रीसोनसचा एरिस ३.५ येतो. खोली लहान असेल तर ८ इंचीचा मोह टाळावा.

का, ते गणिताने बघू. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. अशा दोन भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा स्वर अडकून घुमतो. दहा बाय दहाच्या खोलीत लांबी आणि रुंदी सारखीच, म्हणून हा घोळ दुप्पट. तो स्वर भिंतीपाशी फुगलेला आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी जवळजवळ नाहीसा झालेला असतो. अशा खोलीत मोठा बास आणून बसवला तर ऐकू येते ती खोलीची बडबड, गाणे नाही. डीजेच्या स्पीकरवर मिक्स केलेली गाणी मोबाइलवर पोकळ का वाटतात, त्याचे एक कारण इथे आहे. दुसरे कारण कानात आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले की आवाज लहान-मोठा झाला की आपल्या कानाला बास कमी-जास्त वाटतो. दणदणाटात बास पुरेसा वाटतो, आवाज कमी केला की तोच नाहीसा होतो. म्हणून बोलण्याच्या आवाजाइतक्या पातळीवर, एकाच मापात काम करावे. शेजाऱ्यांचीही झोपमोड होत नाही.

जाहिरातीतले आकडेही तपासून घ्या. एचएस-५ च्या माहितीत ५४ हर्ट्झ असे लिहिलेले असते, पण तिथे आवाज १० डेसिबलने पडलेला असतो. ३ डेसिबलची कसोटी लावली तर तोच आकडा ७४ हर्ट्झ होतो. यात फसवणूक नाही, पण अट न वाचता आकडा मानणारा फसतो.

मांडणीला पैसे लागत नाहीत. दोन स्पीकर आणि तुमचे डोके यांचा समभुज त्रिकोण करा. ट्वीटर कानाच्या उंचीवर ठेवा. खोलीच्या मध्यावर बसू नका, समोरच्या भिंतीपासून पावणेचार-चार फुटांवर बसा. स्पीकर भिंतीला टेकवावाच लागला तर मागच्या बटणाने बास उतरवा. एचएस-५ मध्ये ५०० हर्ट्झखालचे स्वर २ किंवा ४ डेसिबलने कमी करण्याची सोय आहे. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून बास थांबत नाही. कोपऱ्यात उभ्या केलेल्या जाड कापसाच्या गाद्या त्याहून जास्त काम करतात, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवरच्या गोधड्या वरच्या स्वरांची फेकाफेक आवरतात.

काही जण म्हणतील, हेडफोनवर भागते की. भागते, आणि पैसे नसतील तर जरूर भागवावे. पण हेडफोनमध्ये डावा आवाज डाव्याच कानात जातो, मोकळ्या हवेत तसे होत नाही. त्यामुळे वाद्यांची जागा आणि बासची पातळी ठरवताना चूक होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: चळवळीला या तांत्रिक चोचल्यांशी काय देणे-घेणे? आमचे उत्तर सरळ आहे. भीमगीतात जे आहे ते शब्दांत आहे. ढोलकीखाली शब्द गाडला गेला तर लोक नाचतील, पण त्यांना काय सांगायचे होते ते तिथेच राहील. आपल्या गाण्यांचा ऐकणारा एसटीत बसून, कामावरून परतताना, स्वस्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकतो. ऑराटोनचा धडा त्याच्यासाठीच आहे. मिक्स झाले की ते त्याच मोबाइलवर वाजवा, आणि गाणे आधी न ऐकलेल्या माणसाला शब्द विचारा. त्याला कडवे सांगता आले नाही तर परत मिक्सिंगला बसा.

एनएस-१० वापरणाऱ्यांना त्याच्या उणिवा पाठ होत्या, म्हणून तो त्यांच्या उपयोगी पडला. आपलीही जोडी पाच इंची असो की साडेतीन, ज्यांची गाणी आपल्याला चांगली माहीत आहेत ती महिनाभर तिच्यावर ऐकावीत, तिच्या खोडी ओळखून घ्याव्यात. वर्गणी काढून वस्तीतल्या वाचनालयात किंवा समाजमंदिरात एकच जोडी घेतली आणि चार गटांनी आळीपाळीने वापरली, तरी काम होते. तासाच्या भाड्याला घाबरून दोन तासांत उरकलेले गाणे आणि हवे तितक्या वेळा ऐकून, दुरुस्त करून, शब्दाशब्दाची खात्री करून बाहेर सोडलेले गाणे यांत फरक असतो. तो फरक आता आपल्या हातात आहे.