पंगतीपासून टेबलापर्यंत

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा नातू मला पुण्यांतील एका नव्या पद्धतीच्या भारतीय उपाहारगृहांत जेवावयास घेऊन गेला. मंद दिवे, उंच पाठीच्या खुर्च्या आणि पुस्तकासारखें जाड पदार्थपत्रक असा तेथील थाट होता. त्या पत्रकांत कोल्हापूरचा रस्सा होता, मालवणची सोलकढी होती, बंगालची मोहरी लावलेली मासळी होती, लखनौचा कबाब होता आणि केरळचें अप्पमहि होतें. पदार्थ येत ते मोठ्या ताटलीच्या मध्यभागीं मूठभर, आणि वर एखादें फूल ठेवलेलें. थोड्या वेळानें नातू म्हणाला, "आजोबा, जेवण आवडलें नाहीं का? तुमचें लक्ष ताटाकडे नाहीं; सारखे आजूबाजूलाच पाहतां आहांत."

त्याचें म्हणणें खरें होतें. मी पदार्थ पाहत नव्हतों, माणसें पाहत होतों. शेजारच्या टेबलाशीं कोण बसलें आहे, आंत कोण रांधीत आहे, आम्हांस वाढणारा मुलगा कोणत्या जातीचा, हें तेथें कोणासहि ठाऊक नव्हतें; आणि कोणी विचारीतहि नव्हतें. त्या न विचारण्यामागें केवढा इतिहास आहे, तो आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडावा असा माझा विचार आहे.

'रेस्टॉरंट' हा शब्द मूळचा फ्रेंच. पूर्वीं तो अशक्त माणसास तरतरी आणणाऱ्या रश्श्याचें नांव होता. पुढें असा रस्सा जेथें मिळे त्या जागेस तो लागला. आपल्याकडे मात्र पैसे टाकून परक्याच्या हातचें जेवावें, ही कल्पना रुजण्यास फार काळ लागला. जेवण ही आपल्या समाजांत केवळ पोट भरण्याची बाब नव्हती. कोणाच्या घरीं पाणी प्यावें, कोणाच्या पंगतीस बसावें, कोणाच्या हातचें शिजलेलें अन्न चालावें, यांवर जातीची सगळी उतरंड उभी होती. म्हणूनच रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार हे शब्द आपण जोडीनें उच्चारीत आलों. प्रवासास निघणारा गृहस्थ घरची शिदोरी बांधून घेई. दुधांत भिजविलेल्या पिठाच्या दशम्या तींत हटकून असत, कारण त्यांना विटाळाची बाधा कमी असें मानीत. मुक्कामीं पोहोंचल्यावर धर्मशाळेंत तीन दगडांची चूल मांडून जो तो आपापला भात शिजवी.

१८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास आगगाडी धांवली आणि या व्यवस्थेस पहिला धक्का बसला. एका डब्यांत, एका बाकावर सर्व जातींचीं माणसें बसूं लागलीं. तरीहि अन्नपाण्याचा हट्ट सुटला नाहीं. कित्येक स्थानकांवर हिंदूंचें पाणी निराळें आणि मुसलमानांचें पाणी निराळें अशी सोय पुढें वर्षानुवर्षें चालू राहिली. गाडीनें अंतर कमी केलें; घागरींमधील अंतर तसेंच राहिलें.

हा हट्ट सुशिक्षितांतहि केवढा खोल होता, याचा दाखला पुण्यानेंच दिला आहे. १८९० सालच्या ऑक्टोबरांत पंचहौद मिशनमध्यें शहरांतील प्रतिष्ठित मंडळींस व्याख्यानाच्या निमित्तानें बोलावणें गेलें. व्याख्यानानंतर चहा व बिस्किटें पुढें आलीं. कांहींनीं चहा घेतला, कांहींनीं पेल्यास नुसता हात लावला. गोपाळराव जोशी हे मोठे खट्याळ गृहस्थ, डॉ. आनंदीबाई जोशी यांचे ते यजमान. त्यांनीं उपस्थितांचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत छापून आणलीं. त्या यादींत न्यायमूर्ति रानडे होते आणि लोकमान्य टिळकहि होते. गांवांत ग्रामण्य उभें राहिलें, तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशीसाठीं आयोग बसला. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें; रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें. एका कप चहाच्या पायीं एवढें रामायण झालें, हें आज माझ्या नातवास खरेंहि वाटत नाहीं.

पण पुण्यांत वाद चालू असतां तिकडे मुंबईंत पोटानें वादाचा निकाल लावण्यास आरंभ केला होता. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापिली आणि पुढें गिरण्यांचें रानच उठलें. कोंकणांतून आणि घाटावरून आलेला कामगार बायकामुलें गांवीं ठेवून येई. त्याच्या दोन वेळच्या भाकरीसाठीं खाणावळी निघाल्या. त्यांतील कितीतरी गरीब बायांनीं आपल्या दहा हातांच्या खोलींत चालविल्या. याच बायांची संघटना पुढें १९७५ सालीं प्रेमाताई पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळाच्या नांवें उभी केली. मात्र खाणावळ म्हणजे समतेचें मंदिर होती असें कोणी समजूं नये. ब्राह्मणांची निराळी, मराठ्यांची निराळी, अशी वांटणी तेथेंहि होतीच. पाटीवरचें जातीचें नांव हीच गिऱ्हाइकास दिलेली हमी असे.

या वांटणींतून वाट काढली ती प्रथम इराण्यानें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभीं इराणांतून आलेल्या झरतुष्ट्री मंडळींनीं रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर चहाचीं दुकानें थाटलीं. संगमरवरी टेबल, वांकविलेल्या लाकडाची खुर्ची, बन-मस्का आणि दुधाळ चहा एवढें त्यांचें भांडवल. ज्याच्यापाशीं एका चहाचे पैसे आहेत, त्यास तेथें बसावयास जागा होती. दुसरी वाट उडुपीकरांनीं काढली. मठांतील सोंवळ्या रांधपाची परंपरा घेऊन ते शहरांत आले आणि त्यांनीं इडली-डोसा सर्वांच्या टेबलावर मांडला. माटुंग्यास १९४२ सालीं रामा नायक यांनीं सुरू केलेल्या भोजनगृहांत केळीच्या पानावर जेवण्याचा प्रघात आहे. येथेंहि सगळें सरळपणें झालें नाहीं. उपाहारगृहाच्या पाटीवरील 'ब्राह्मण' हा शब्द काढावा म्हणून मद्रासेंत पेरियार रामस्वामी यांना १९५७ सालीं देखील सत्याग्रह मांडावा लागला.

श्रोतेहो, या इतिहासांतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग कोल्हापूरचा आहे. राजर्षि शाहू महाराजांच्या पदरीं गंगाराम कांबळे नांवाचा अस्पृश्य समाजांतील नोकर होता. सवर्णांच्या पाण्यास शिवल्याबद्दल त्यास इतर नोकरांनीं बेदम मारलें. महाराजांनीं मारणारांस शासन केलें. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहींत. गंगारामास त्यांनीं स्वतंत्र धंदा काढावयास सांगितलें. त्यानें भर शहरांत चहाचें दुकान घातलें. पण त्याच्या दुकानीं चहा पिणार कोण? तेव्हां महाराज आपली गाडी त्या दुकानापुढें उभी करीत, गंगारामास हांक मारून चहा मागवीत, स्वतः घेत आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांसहि घ्यावयास लावीत. छत्रपतींनीं घेतला तो चहा मानकऱ्यांनीं नाकारावा कसा? महाराजांची कारकीर्द १८९४ ते १९२२ अशी. हा प्रसंग तिच्या उत्तरार्धांतला. पुण्यास चहा घेतला म्हणून प्रायश्चित्त घ्यावें लागलें, त्यानंतर पुरतीं तीस-बत्तीस वर्षें लोटण्याच्या आंतच एका राजानें चहा हेंच त्या पापाचें प्रायश्चित्त ठरविलें.

सर्वत्र असे राजे नव्हते. कोलंबिया विद्यापीठांत शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांस १९१७ सालीं बडोद्यास नोकरीवर रुजू झाल्यावर राहावयास जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहांत ते नांव बदलून राहिले, आणि कांहीं दिवसांतच काठ्या घेऊन आलेल्या जमावानें त्यांस तेथून बाहेर काढलें. पुढें त्याच पुरुषाच्या देखरेखीखालीं घडलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत सार्वजनिक उपाहारगृहें आणि हॉटेलें यांचा शब्दशः उल्लेख आला, आणि धर्म किंवा जात पाहून कोणासहि तेथें मज्जाव करतां येणार नाहीं असें ठरलें. ही घटना २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आली. १९५५ च्या अस्पृश्यता-गुन्हा कायद्यानें तर एक पाऊल पुढें टाकून, सार्वजनिक उपाहारगृहांतील भांडीं वापरण्यास मनाई करणें हाहि गुन्हा ठरविला. कायदा करणारांस भांड्यांपर्यंत कां यावें लागलें, हें मी स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें आहे.

सन १९६९ च्या सुमारास मी चौथींत होतों. आमच्या गांवीं मोटारीच्या थांब्यापाशीं चहाचें एक दुकान होतें. आंत फळीवर कपबशा मांडलेल्या असत; आणि बाहेर, छपराच्या वाशाला ठोकलेल्या खिळ्यावर, कान तुटलेला एक कप टांगलेला असे. माझ्या वर्गांत, माझ्याच सतरंजीवर बसणारा एक मुलगा होता. त्याचे वडील तेथें येत, तो कप स्वतः काढीत, विसळीत आणि पुढें धरीत. दुकानदार वरून चहा ओती. चहा संपला कीं ते कप धुऊन पुनः खिळ्यास लावीत आणि पैसे पायरीवर ठेवीत. मुलगा बापाशेजारीं उभा असे. तो माझ्याकडे पाहत नसे, आणि मी त्याच्याकडे पाहत नसें. कायदा होऊन तेव्हां चौदा वर्षें झालीं होतीं. घरीं विचारलें तेव्हां "तसा रिवाज आहे," एवढेंच उत्तर मिळालें, आणि मीहि त्यावर समाधान मानलें. पुढें मी शिक्षक झालों. अस्पृश्यता नष्ट करण्यांत आली आहे, हें वाक्य नागरिकशास्त्राच्या तासास मीं दरवर्षीं फळ्यावर लिहिलें. परंतु त्या कपाची गोष्ट एकाहि वर्गास सांगितली नाहीं.

ती मीं त्या रात्रीं नातवास सांगितली. त्यानें विचारलें, "मग तुम्ही काय केलंत, आजोबा?" मी म्हणालों, "कांहीं नाहीं."

आजचें उपाहारगृह जात विचारीत नाहीं, ही गोष्ट लहान नव्हे. तें खिसा मात्र विचारतें. आमच्या त्या एका जेवणाच्या पैशांत एखाद्या मजूर कुटुंबाचा आठवडा निघाला असता. आणि खेड्यांतून वेगळ्या पेल्यांची चाल एकविसाव्या शतकांतहि आढळल्याचें पाहणी करणारांनीं नोंदविलें आहे. तेव्हां काम संपलें असें म्हणवत नाहीं.

शिवाय कायद्याचा हात उपाहारगृहाच्या टेबलापर्यंत पोहोंचतो. आपल्या घरांतील फळीपर्यंत तो पोहोंचत नाहीं. त्या रात्रीं घरीं परतलों तेव्हां स्वयंपाकघरांत पाणी प्यावयास गेलों. आमच्याकडे धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाईंचा कप खिडकीपाशीं, इतर कपांपासून दूर, पालथा घातलेला होता. तो तेथें कित्येक वर्षें आहे. मीं रोज पाहिला आहे, आणि त्या दिवसापर्यंत पाहिला नव्हता. मीं तो उचलून फळीवर इतर कपांत ठेवला. सकाळीं सौभाग्यवतींनीं कांहीं न बोलतां चार सारखे कप काढले. बाईंनीं आपला नेहमींचा कप क्षणभर शोधला, मग समोरचा घेतला.

आपण नव्या उपाहारगृहांत जरूर जावें, प्रांतोप्रांतींच्या चवी जरूर चाखाव्या. घरीं परत आल्यावर मात्र आपल्या खिडकीपाशीं कोणाचा कप आहे, तेवढें एकदां पाहावें.