काचेची जखम

लहानपणी गुडघा फुटला की घरात दोन सल्ले ठरलेले असायचे. आजीचा सल्ला हळद दाबायचा. आणि वडिलांचा, ‘उघडी ठेव, वारा लागू दे, खपली धरली की झालं!’ या दुसऱ्या सल्ल्यावर आपलाच नव्हे, तर दवाखान्यांतल्या शिकलेल्या माणसांचाही कितीतरी वर्षं विश्वास होता. तो कसा डळमळला आणि जखमेवर आज पाण्यानं भरलेली जेलची चकती का ठेवतात, ही गोष्ट एका काचेच्या नळीपासून सांगायला हवी.

पहिलं महायुद्ध चालू होतं. फ्रान्सच्या किनाऱ्यावर बुलोन नावाचं गाव आहे. तिथल्या कॅसिनोत, म्हणजे चक्क जुगाराच्या इमारतीत, ब्रिटिशांचं लष्करी रुग्णालय थाटलं होतं आणि त्याला जोडून सर आल्मरॉथ राइट यांची प्रयोगशाळा. त्यांच्या हाताखाली अलेक्झांडर फ्लेमिंग हा तरुण डॉक्टर काम करत होता. पेनिसिलिन अजून पुष्कळ दूर होतं. तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी फाटलेले सैनिक यायचे; जखमेत शेतातली माती, गणवेशाच्या चिंध्या. उपाय एकच माहीत होता, जंतुनाशक ओतण्याचा. जोसेफ लिस्टर यांनी १८६५ साली ग्लासगोत, गाडीखाली पाय मोडलेल्या एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधून त्याचा पाय वाचवला होता. तेव्हापासून ही वाट मळलेली होती. पण इथे बाटल्या रिकाम्या होत होत्या आणि सैनिक पू होऊन मरतच होते.

फ्लेमिंगनं काय करावं? त्यानं एक परीक्षानळी ज्योतीवर तापवली आणि तिच्या अंगातून काट्यांसारखी पोकळ टोकं बाहेर ओढली. ही त्याची काचेची जखम! खऱ्या जखमेला असतात तशा खाचाखोचा तिला होत्या. तिच्यात त्यानं जंतू असलेला द्रव भरला, मग तो ओतून टाकून जंतुनाशक भरलं. तेही काही तासांनी काढून टाकलं आणि पुन्हा स्वच्छ द्रव भरून ठेवला. थोड्या वेळानं पाहतो तो जंतूंची वसाहत पुन्हा उभी! औषध त्या टोकांच्या तळापर्यंत पोचलंच नव्हतं. दुसरी गोष्ट याहून वाईट होती. कार्बोलिकसारखी औषधं जंतूंच्या आधी आपल्याच पांढऱ्या पेशींना मारत होती. म्हणजे पहारेकरी ठार आणि चोर कोपऱ्यात सुखरूप.

खाचेपर्यंत पोचायचं आणि आपल्या पेशींना हात लावायचा नाही, अशी ही दुहेरी परीक्षा. पुढे फ्लेमिंगलाच १९२८ साली पेनिसिलिन सापडलं. औषध रक्तातून आतल्या बाजूनं जखमेपर्यंत जाऊ लागलं आणि काचेची जखम विस्मरणात गेली. नोबेल स्वीकारताना १९४५ साली त्यानं बजावलं होतं, की अपुरा डोस दिला तर जंतू पेनिसिलिनला सरावतील. कोण ऐकतो? त्वचेवर राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूवर मेथिसिलिन हे नवं औषध बाजारात येऊन दोन वर्षं होत नाहीत, तोच १९६१ साली इंग्लंडमध्ये त्याला न जुमानणारे जंतू सापडले. हाच तो आज रुग्णालयांना धडकी भरवणारा ‘एमआरएसए’. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज आहे. शिवाय मधुमेह्याच्या पायाला किंवा खोल भाजलेल्या कातडीला रक्तपुरवठाच तुटपुंजा असतो. रक्तातून पाठवलेलं औषध तिथे पोचणार कसं? म्हणून डॉक्टरांना पुन्हा जखमेच्या पृष्ठभागाकडे वळावं लागलं.

दरम्यान दोन माणसांनी, एकमेकांशी काही संबंध नसताना, वाट तयार करून ठेवली होती. प्रागमधले रसायनतज्ज्ञ ओटो विख्टरले यांनी सहकारी लिम यांच्यासह १९६० साली पाणी धरून ठेवणाऱ्या जेलचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. लांबलचक रेणूंचं जाळं आणि त्यात पाणी, आपल्या चायना ग्रासच्या जेलीसारखं. त्यांना हवी होती डोळ्यात घालायची मऊ भिंगं. सरकारनं ते काम थांबवलं, तेव्हा १९६१ च्या नाताळात या गृहस्थांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर, मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून यंत्र केलं आणि भिंगं ओतली! पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या अंगावरच्या लहान जखमांपैकी काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिन चिकटवलं. झाकलेल्या, ओलसर जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगानं आली. उघड्या जखमेत नव्या पेशींना कडक खपलीखालून बीळ खणत जावं लागतं. ओलाव्यात त्या सरळ सरकतात. वडिलांचा वारा तिथे हरला.

ओल हवी तर जेल हवीच. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानंही अशी चकती तयार केली. किरणांच्या माऱ्यानं रेणूंचं जाळं विणलं जातं आणि त्याच वेळी चकती निर्जंतुकही होते. एका दगडात दोन पक्षी.

पण ओल जंतूंनाही आवडते. म्हणून जेलमध्ये काहीतरी मारक घालावं लागतं. चांदीचं सल्फाडायझिन हे मलम १९६८ पासून भाजलेल्यांसाठी जगभर वापरात आलं. पुढे मात्र लक्षात आलं की त्यानं नवी त्वचा येण्याचा वेग मंदावतो. फ्लेमिंगच्या परीक्षेत अर्धेच गुण! सोलापूरच्या वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी याच मलमासमोर मध उभा केला. १०४ रुग्ण, निम्मे इकडे, निम्मे तिकडे. ब्रिटिश शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात १९९१ साली आलेले त्यांचे आकडे असे : सात दिवसांत मधाखालच्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त, मलमाखालच्या केवळ ७ टक्के. इतका फरक पाहून मला तरी थोडी शंका येते, पण जखमेवरच्या मधाकडे पाश्चात्त्य डॉक्टर गंभीरपणे पाहू लागले त्यात सोलापूरचा वाटा आहे. (घरातली बाटली उघडून लावू नका. वैद्यकीय मध किरणांनी निर्जंतुक केलेला असतो.)

अलीकडच्या काही जेलमध्ये वेगळं औषध घालत नाहीत; जाळंच मारक असतं. सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठात मेरी चॅन-पार्क यांच्या गटानं २०११ साली कायटोसानपासून अशी जेल केली. कायटोसान मिळतं कोळंबी-खेकड्याच्या टरफलांतून. या जाळ्यावर धन विद्युतभार असतो आणि जंतूच्या आवरणावर ऋण. जाळं ते आवरण आपल्या छिद्रांत स्पंजासारखं ओढून घेतं आणि जंतू फुटतो. औषध पचवायला शिकलेल्या जंतूला ही ओढ चुकवणं अवघड असावं, अशी आशा आहे. सशाच्या डोळ्याच्या नाजूक पापुद्र्याला या जेलनं इजा केली नाही. म्हणजे परीक्षेच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्राण्यापुरतं तरी बरोबर आलं. मात्र ही जेल शरीरात बसवायच्या उपकरणांवरचा लेप म्हणून बनवली होती. पू झालेल्या खोल जखमेच्या खाचा ही निराळी गोष्ट. तिथे मेलेलं मांस आधी कापून काढावं लागतं आणि ते काम अजूनही सर्जनच्या हातातल्या सुरीचंच आहे.