दगडाला नाव नसतं

कांजूर पूर्वेला आमचं घर हायवेपासून हाकेच्या अंतरावर. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेची घरघर कानांना इतकी सरावलेली, की ती थांबली तरच लक्ष जातं. ११ जुलै १९९७, शुक्रवार. मी कामावर निघायच्या घाईत डबा भरत होते आणि बाहेर एकदम सामसूम. वडील, म्हणजे आमचे दादा, दारात उभे होते. म्हणाले, "घाटकोपरला कायतरी झालंय."

रमाबाई आंबेडकर नगरात लोक सकाळी उठले, तर बाबासाहेबांच्या पुतळ्याला कुणीतरी चपलांची माळ घातलेली. माणसं आधी जवळच्या चौकीवर गेली. तिथून त्यांना पंतनगर ठाण्याची वाट दाखवली गेली. मग लोक हायवेवर आले आणि गाड्या अडवल्या. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली, आणि फौजदार मनोहर कदम यांच्या हुकमावरून गोळ्या सुटल्या. दहा माणसं गेली, पंचवीसहून अधिक जखमी झाली. गोळ्या वस्तीच्या दिशेने गेल्या, त्यामुळे ज्यांनी एकही गाडी अडवली नव्हती अशी माणसंसुद्धा पडली.

पोलिसांचं म्हणणं, जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या चौकशी आयोगाला ते पटलं नाही. आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ साली सत्र न्यायालयाने कदम यांना सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप दिली. पुढे हायकोर्टातून त्यांना जामीन मिळाला. घटना ते शिक्षा, मध्ये बारा वर्षं. त्या वर्षी जन्मलेलं पोर तोवर सातवीत गेलं असेल.

जमाव बेकायदा ठरला तर त्याला पांगवायचे अधिकार पोलिसांना आहेत, हे मलाही मान्य आहे. पण त्यालाही पायऱ्या आहेत. आधी इशारा, मग लाठी, अश्रुधूर, आणि काहीच उरलं नाही तर गोळी, तीही खाली नेम धरून. रस्ता अडवणं हा गुन्हा असेल, पण त्याची शिक्षा देहदंड नाही.

दादा त्या दिवशी चिडले नाहीत, याचं मला फार नवल वाटलं. दुपारी पोरं आली, "दादा, माळ घालणारा सापडला ना, तर जागेवर तोडू." दादा खाटेवर बसले होते. म्हणाले, "तोडायचं नाही. पकडायचं. नाव लिहायचं, कोर्टात उभं करायचं." पोरांना हे मवाळ वाटलं. दादांचं तरुणपण त्यांना ठाऊक नव्हतं.

दादा मूळचे वरळीच्या बीडीडी चाळीतले, गिरणीत कामाला. ५ जानेवारी १९७४ ला दलित पँथरची वरळीत सभा होती. राजा ढाले बोलत असताना दगड आले, सभा उधळली गेली आणि दंगल पेटली, ती पुढे दिवसेंदिवस चालली. चाळीच्या गच्च्यांवर दगड-विटा, सोड्याच्या बाटल्या चढवल्या गेल्या, दोन्ही बाजूंनी. दादांनीही मारले. पाच दिवसांनी, १० जानेवारीला, परळला पँथरच्या मोर्चावर वरून दगड पडला आणि भागवत जाधव गेला. दादा त्या मोर्चात मागे कुठेतरी होते. "दगडाला नाव नसतं गं," ते मला सांगायचे. "मी वरून टाकले ते कुणाच्या डोक्यात पडले, मी खाली बघितलं नाही." हे सांगताना त्यांचा आवाज दरवेळी खाली यायचा.

या उपनगरांत विखारी शब्दांचा इलाज लाठीशिवायही झालेला आहे, हे लोक विसरतात. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावाने मतं मागितली गेली. हरलेले प्रभाकर कुंटे कोर्टात गेले. डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली, डिसेंबर १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती रद्दच ठेवली, आणि त्याच प्रकरणात पुढे बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. कुणाचं डोकं फुटलं नाही, एकही खिडकी फुटली नाही. फार उशीर झाला, पण माझ्या लेखी हीच खरी ताकद.

उलट बाजूही सांगते. १९९२-९३ च्या दंगलीत 'सामना'त जे अग्रलेख आले, त्यांवर खटला भरा म्हणून माजी मुख्य सचिव जे. बी. डिसोझा हायकोर्टात गेले. १९९४ ला याचिका फेटाळली गेली, सुप्रीम कोर्टानेही दार उघडलं नाही. अग्रलेखासाठी कुणाला मार बसावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण छापील शब्दाला एवढा धीर दाखवणारं राज्य हायवेवरच्या घोषणेला काही मिनिटांचाही धीर दाखवू शकलं नाही, हे मला आजही गिळवत नाही.

गोळीबारानंतर चार दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडला शाहीर विलास घोगरे यांनी आपलं आयुष्य संपवलं. रमाबाई नगरचं दुःख त्यांना सोसलं नाही. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटाची सुरुवात याच मरणापासून होते. घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड. एका टोकाला दहा मयतं, दुसऱ्या टोकाला एक, आणि मधे आमचं घर. दादा त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन रमाबाई नगरात गेले. पाऊस भुरभुरत होता. हायवे पुन्हा धावत होता. वस्तीच्या तोंडाशी, सर्व्हिस रोडच्या गटाराला लागून चपला पडल्या होत्या, पळताना पायांतून सुटलेल्या. स्लिपर, एक लेडीज सँडल, शाळेचा काळा बूट एकच. दादा बराच वेळ बघत राहिले. मग वाकले, गटारात अर्धी बुडालेली एक रबरी चप्पल काढली, पाणी झटकलं, तिची जोडीदार शोधली आणि दोन्ही पुतळ्याकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेला नीट लावून ठेवल्या, घराबाहेर ठेवतात तशा.